हरवलेल्या मुलांची खोली

थीम पार्कमध्ये बाबा हरवले आणि पाच मिनिटांत सापडलेही. यातलं आम्हाला काही कळलंच नाही, असं आईने ठरवलं, कारण रोलर कोस्टरच्या रांगेत आमचा नंबर जवळ आला होता. भोंगा ओरडत होता, "निळा शर्ट, टक्कल, रडत नाहीये. घरच्यांनी घेऊन जावं."

"आई, आपले बाबा!"

"गप्प उभा राहा. टक्कल काय एकट्या त्यांनाच आहे?"

पार्क बंद होताना आम्ही हरवलेल्या मुलांच्या खोलीत पोचलो. बाबा बुटक्या खुर्चीत बसून मन लावून बदक रंगवत होते.

"हे तुमचेच ना?" तिथल्या बाईंनी विचारलं.

आई "हो" म्हणाली, तसा बाबांनी खडू खाली ठेवला. "बाई, मला यांची ओळख पटत नाही. तरी मला बेवारस समजून इथेच ठेवून घ्यावं, ही नम्र विनंती."