जसं आहे तसं

शोरूमवाला सगळ्यात मोठ्या मशीनचं झाकण उघडून चांगला रंगात आला होता, आणि जिच्यासाठी मशीन घ्यायचं ती बायकोच शेजारून नाहीशी झाली होती. नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. ती पार मागच्या कोपऱ्यात, रिकाम्या खोक्यांपलीकडे, एका जुन्या कटिंग मशीनसमोर उकिडवी बसली होती. त्या मशीनला दोऱ्याने पुठ्ठा बांधला होता. त्यावर किंमत होती आणि खाली लिहिलं होतं, 'जसं आहे तसं. नंतर तक्रार चालणार नाही.'

नवरा लगबगीने तिच्याकडे गेला. व्हिनाइलच्या, म्हणजे चिकट प्लास्टिकमधून अक्षरं कापून केलेल्या, पाट्यांचं त्यांचं दुकान आठवड्याभरात उघडायचं होतं. गाळा घेतला होता, शटरला रंग दिला होता, एका शाळेच्या पाट्यांचं काम तोंडी ठरलंही होतं. मशीन मात्र एकच घेता येणार होतं. ते चुकलं तर दुसरं घ्यायची ऐपत नव्हती, आणि बायको तर पाट्यांच्या दुकानातली अकरा वर्षांची नोकरी दोन महिन्यांपूर्वी सोडून बसली होती. का सोडली, ते तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानेही खोदून विचारलं नव्हतं.

तो ग्रंथालयात कारकून. रकाने आखल्याशिवाय त्याला भाजीसुद्धा घेता येत नसे. पंधरा दिवस खपून त्याने वहीत सगळी मशीनं मांडली होती : रुंदी, वेग, आवाज, हमी. प्रत्येक रकान्यात मोठं मशीन पहिलं आलं होतं. बायकोने वही कौतुकाने चाळली आणि "बघू" म्हणाली. तिच्या 'बघू'पुढे आजवर कोणाची मात्रा चालली नव्हती.

"ताई, ते राहू द्या," म्हणत शोरूमवाला मागे आला. माणूस सरळ होता, त्याने खरं तेच सांगितलं. कोणा दुकानदाराने ते परत दिलं होतं. वर्षानुवर्षं मुकाट चाललं आणि एकाएकी बिघडलं. कधी अक्षर अर्धवट कापायचं, कधी व्हिनाइलखालचा कागदही फाडायचं. मेकॅनिकने मोटार बदलली तरी तेच. आता ते भंगारातच जाणार होतं.

"अगं, ऐक," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. "चांगलं नवंकोरं समोर आहे, तर दुसऱ्याचं दुखणं कशाला गळ्यात बांधून घेतेस?"

तिने व्हिनाइलचा एक तुकडा मागितला आणि मशीन चालू करायला सांगितलं. पात्याची नळी सोडवून तिने पर्समधली टाचणी तिच्या टोकात फिरवली. तिळाएवढा काळा कण बाहेर आला. नळी परत बसवून तिने स्क्रू पाव आटा फिरवला, मशीनला कान लावला, मान हलवली आणि आणखी केसभर फिरवला. आजारी लेकराच्या छातीला कान लावावा तशी ती ऐकत होती. शोरूमवाला वाकून बघू लागला. नवऱ्याला आपली वही कुठे लपवावी ते कळेना.

मग तिने नखाएवढी अक्षरं कापायला लावली. पातं सरसर फिरलं. तिने चिमट्याने भोवतालचं व्हिनाइल एका झटक्यात ओढून काढलं. अक्षरं जागच्या जागी राहिली, एकाचाही कोपरा उचलला गेला नाही. कागद उलटा करून तिने उजेडात धरला. त्यावर साधा ओरखडा नव्हता. नवऱ्याला इतका आनंद झाला की तो वही काखेत मारून चक्क टाळ्या वाजवू लागला.

शोरूमवाल्याने तो कागद हातात घेऊन दोनदा पाहिला. पुठ्ठ्यावर जी किंमत आहे तीच घेईन, शब्द फिरवणार नाही, असं तो म्हणाला. पुठ्ठा सोडवता सोडवता मात्र त्याला राहवेना.

"त्या दुकानदाराने याच्या जागी आमचं ते सगळ्यात मोठं मशीन नेलं. कालच त्यांचा फोन होता, तेही अक्षरं फाडतंय म्हणे. मला सांगा ताई, इतक्या वर्षांत हे बघणारं त्यांच्याकडे कोणी नव्हतंच का?"

"होतं ना. मीच होते," ती टाचणी पर्समध्ये ठेवत म्हणाली. "पगार वाढवा म्हटलं, तर मालक म्हणाले, काम मशीन करतं, तू नुसतं बटण दाबतेस."