समोरची टोपली

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आवडाबाई बेलाची टोपली डोक्यावर घेऊन वेरूळच्या देवळापाशी आली, तेव्हा तिच्या जागेच्या बरोबर समोर रूपा बसली होती. पुढ्यात टोपली, टोपलीत बेल, वर पांढरी फुलं आणि धोतऱ्याची फळं. भोवती तीन गिऱ्हाइकं.

आवडाबाईनं डोक्यावरचं ओझं उतरवलंसुद्धा नाही. तशीच रस्ता ओलांडून गेली.

"हे काय मांडलं गं?"

"बेल," रूपा म्हणाली. मान वर केली नाही. पुडा बांधत होती.

चैत्रात हीच रूपा देवळाच्या भिंतीला टेकून रडताना आवडाबाईला दिसली होती. नवऱ्यानं दर्शनाला म्हणून आणली आणि सोडून गेला. ना ओळख ना पाळख. पण आवडाबाईनं कनवटीची पाचशेची नोट काढून तिच्या हातावर ठेवली. म्हणाली, "रडून पोट भरत नाय. कायतरी इकायला बस. जमंल तवा दे."

त्या दिवसापासून आवडाबाईला ही गोष्ट सांगायची चटकच लागली. पुडा बांधता बांधता लेण्यांकडं बोट करून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "तिकडं कैऱ्या इकती ना ती पोरगी, माझ्या पैशावर उभी हाय." लोक म्हणायचे, मावशी, लई पुण्याचं काम केलं. तेवढं ऐकलं की आवडाबाईचा दिवस गोड जायचा.

"कैऱ्या कुठं गेल्या तुझ्या?"

"सरल्या. श्रावणात कुठल्या कैऱ्या?"

"मग दुसरं कायतरी इक की! इकायला दुसरं काय नाय का दुनियेत?"

"मला दुसरं येतं काय? चैत्रात चार दिस तुमच्या शेजारी बसून पुडा बांधायला शिकले, तेवढं येतं."

आवडाबाईचा आवाज चढला. "माझ्याच पैशावर माझ्याच पोटावर पाय देती व्हय? हिला मी उभी केली! इचारा कुणालाबी!"

नारळवाला नारळ सोलायचा थांबला. गिऱ्हाइकं हळूच बाजूला सरली आणि पलीकडच्या बेलवालीकडून बेल घेऊ लागली.

रूपा उठली. कमरेची पिशवी उघडून तिनं पाचशेची नोट काढली आणि आवडाबाईच्या नाकासमोर धरली.

"घ्या. सुटले मी."

आवडाबाई विंचू दिसल्यासारखी मागं सरकली. ही नोट घेतली की बोलायला तोंडच उरणार नव्हतं. मग रूपा इथं बसणार, उद्याही बसणार, आणि इतर बेलवाल्यांसारखीच एक होणार.

"मी मागितले का तुला?"

"मागत नाय, पर रोज सांगता. अख्ख्या वेरूळला सांगता. हा नारळवाला मला रूपा म्हणत नाय, आवडाबाईची म्हणतो. घ्या म्हणते ना!"

"नाय घेत. आधी इथनं ऊठ."

"उठत नाय. रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?"

भांडण बघायला थांबलेल्यांत एक बाई होती. कडेवर लेकरू, हातात कापडी पिशवी. सकाळपासून ती दुकानादुकानात काम मागत फिरत होती आणि सगळीकडून नाही ऐकत होती. रूपाची नजर तिच्यावर गेली. तिनं त्या बाईचा हात ओढला आणि नोट मुठीत कोंबली.

"धर. कायतरी धंदा कर. सावकाश परत दे."

बाई बावरली. "मला?"

"व्हय, तुलाच. ह्यांना नको हायत."

आवडाबाईनं आता टोपली खाली आदळली. चार पानं उडाली. "माझे पैसे वाटायला तू कोण? ए बाई, ध्यानात ठेव. ते पैसे माझे हाईत. मी दिलेत तुला."

"तुमचे असते तर घेतले असते," रूपा म्हणाली. "मी दिलेत."

बाईनं एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. मूठ तशीच अर्धवट मिटलेली होती.

"मग परत कुणाला करायचे?"

"मला," आवडाबाई म्हणाली.

"मला," रूपा म्हणाली.

लेकरानं बाईच्या गळ्यातले काळे मणी तोंडात घातले होते, ते तिनं काढले. मग खाली वाकली आणि नोट दोघींच्या मधोमध ओल्या रस्त्यावर ठेवली.

"नको बाई," ती म्हणाली. "मला एवढं पेलायचं नाय. मी कामच बघते."

ती लेण्यांच्या दिशेनं चालू लागली. तिला हाक मारावी असं आवडाबाईच्या मनात आलं. तोंड उघडलंही. पण आपण हाक मारली तर रूपाला वाटणार, म्हातारी नरमली. आवडाबाईनं ओठ मिटून घेतले. रूपाही बाईच्या पाठीकडं बघत होती.

बाई गर्दीत दिसेनाशी झाली. दोघी आपापल्या जागी जाऊन बसल्या. नोट मध्येच पडून होती. कुणीतरी तिच्यावर पाय देऊन गेलं.

तेवढ्यात संभाजीनगरहून दर्शनाला आलेला एक माणूस वाकला. नोट उचलली, धोतराला पुसली आणि दोघींकडं पाहिलं.

"मावशी, तुमची पडली का?"

"नाय," आवडाबाई म्हणाली.

"ताई, तुमची?"

रूपानं मान हलवली.

"मग देवाचीच म्हणायची," असं म्हणत त्यानं नोट खिशात घातली, आणि दोघींपैकी कुणाचाच बेल न घेता देवळाकडं निघून गेला.