भिंतीपलीकडचे ठोके

जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यातून भाऊराव घरी आले की आधी लंबकाच्या जर्मन घड्याळाची काच पुसत, मग चहा घेत. जर्मनीशी महायुद्ध पेटल्यावरही त्यांनी ते जिवापाड जपलं. पण शेजारच्या राधाबाईंचा विष्णू जर्मनांशी लढताना कामी आल्याची तार आली, तेव्हा त्यांनी लंबक थांबवून घड्याळ उतरवलं. दोन्ही क्वार्टरांची भिंत एकच. त्या माउलीच्या कानी शत्रूची टिकटिक नको. तेरावं उरकताच राधाबाई दारात आल्या. "घड्याळ काहून बंद केलं, भाऊजी? त्याच्याच ठोक्यांवर विष्णूला मोजायला शिकवलं मी." भाऊरावांनी घड्याळ टांगून काटे जुळवले नि लंबक हलवला. राधाबाई आपल्या घरी जाऊन भिंतीपलीकडून ओरडल्या, "टिकटिक लंगडून राहिली जी! डावीकडून उचला जरा!" मनोमन दाद देत भाऊरावांनी घड्याळाची पेटी डावीकडून जरा उचलली. ठेका जमला. सातचे ठोके पडू लागले. पलीकडून राधाबाई पोराला शिकवावं तसं मोठ्यानं मोजत होत्या.