आगीची ओळ

"मी नाही नेत कंदील आत," गीता म्हणाली. एका हातात कंदील धरून दुसऱ्याने तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण ती खोलीच्या दारातून हलली नाही.

दिवस बुडाला होता. पाकिस्तानशी लढाई सुरू होऊन आठ दिवस झाले होते. अंधार पडल्यावर कुठे उजेड दिसता कामा नये, अशी बीबी गावात दवंडी फिरली होती. काल स्वयंपाकघराच्या झरोक्यातून उजेड दिसला म्हणून गस्तीवरचा शेषराव दारात येऊन ओरडून गेला होता. त्यावर तिच्या सासऱ्यांनी, माणिकरावांनी, तोड काढली. घरात बिनखिडकीची खोली एकच होती, कापसाची. कंदील तिथे टांगायचा, दाराला घोंगडी लावायची, सगळ्यांनी आतच जेवायचं आणि गीताच्या दीड वर्षाच्या पोरीलाही तिथेच निजवायचं.

त्या खोलीत तीन वेचण्यांचा कापूस आढ्याला टेकला होता. कंदिलाच्या खुंटीपासून कापूस दीड हातावर. गीताने दुपारीच मोजलं होतं.

"काऊन नाही नेत?" माणिकराव म्हणाले. "वरून विमान आलं तं?"

"मामाजी, विमान बीबीवर काऊन येईन? इथं हाय काय?"

"मेहकरच्या सभेत सांगतलं सायबानं. तू मॅट्रिक झाली म्हनून सायबापेक्षा शाहानी झाली काय?"

सभेहून परतल्यावर त्यांनी अंगणात छातीएवढा खंदक खणून घेतला होता. पहिल्याच दिवशी त्यात शेजारच्या जनकाबाईची बकरी पडली. अजून तरी खंदकाचा तेवढाच उपयोग झाला होता.

गीताने दाराशेजारच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे कोळशाने एकाखाली एक पाच शब्द लिहिले होते. ताप, साप, विहीर, आग, विमान. शब्दांपुढे उभ्या रेघा होत्या.

"आठ दिवस वेचणीत बायांले इचारलं म्या. ईस वर्सात गावात कोन कशानं गेलं? म्हातारपनानं गेले ते सोडले. एका मान्साची एक रेघ."

तापापुढे रेघा मावत नव्हत्या. सापापुढे अकरा होत्या, विहिरीपुढे सहा, आगीपुढे चार. विमानापुढची भिंत कोरी होती.

"तापासाठी पानी उकळून राह्यली मी. सापासाठी दारातला पऱ्हाटीच्या काड्याइचा ढीग परसात नेला. हिरीवर फळ्या टाकल्या. आता आग राह्यली. त्या चारी रेघा कापूस घरात असतानाच्या हायेत, मामाजी."

"पुस ते!" माणिकराव गरजले. "मेलेल्याइची मोजदाद भिंतीवर मांडते! घर हाय का मसनवटा?"

"नाही पुसत."

या घरात असं उत्तर कुणी कधी दिलं नव्हतं. माणिकरावांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि भिंत पुसायला तेच पुढे झाले.

"थांबा," केसरबाई म्हणाल्या.

नवऱ्याच्या बोलण्यात गीताच्या सासूबाई कधी पडत नसत. इतका वेळ त्या नातीला मांडीवर थोपटत बसल्या होत्या. त्यांनी पोरीला हलकेच खाली ठेवलं, गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि भिंतीपुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"आगीची ओळ कोन्ती वं?"

गीताने दाखवली.

"अन् तापाची?"

गीताने तीही दाखवली.

"त्यात वच्छीची कोन्ती?"

गीता थबकली. वच्छी ही केसरबाईंची धाकटी लेक. अठरा वर्षांपूर्वी, चार वर्षांची असताना, तापाने गेली, असं घरात सांगत. वेचणीत तिचं नाव निघालं की जनकाबाई एकदम गप्प होऊन दुसऱ्या ओळीला लागायची. पण मोजणी आपल्या घरापासून सुरू करायची म्हणून गीताने पहिली रेघ तिचीच ओढली होती.

"ही, आत्याबाई. पहिलीच."

केसरबाईंनी अंगठा जिभेला लावला आणि ती रेघ पुसली. मग चुलीतला विझलेला कोळसा आणून त्यांनी आगीच्या ओळीत पाचवी रेघ ओढली. रेघ तिरपी आली.

"ताप नव्हता तो," त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या. "याच खुंटीले राकेलची चिमनी होती. पोरगी जळाली, कापूस वाचला तेवढा. तुमी म्हनले, ताप सांग. मी सांगतला."

अठरा वर्षं ताप म्हणता म्हणता माणिकरावांनाही तापच आठवू लागला असावा. त्यांनी खुंटीकडे पाहिलं. मग कापसाकडे. मग जमिनीवर कूस बदलणाऱ्या नातीकडे.

ते पुढे झाले आणि त्यांनी गीताच्या हातून कंदील हिसकून घेतला. गीताने दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं. पण ते वळले आणि अंगणात गेले. खंदकाच्या मातीचा ढीग होता, त्यावर त्यांनी कंदील ठेवला. वात वर केली. सगळं अंगण उजळलं.

गल्लीच्या टोकावरून शेषरावाची हाक आली, "कोनाचा उजेड हाय बे? विमानाले घर दिसन ना!"

"दिसू दे!" माणिकराव ओरडले. "सांग त्याले, वच्छीच्या बापाचं घर हाय हे!"