शेकाच्या दारातलं रडणं

कॅन्सरच्या शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा, इंदूबाईचा पहिला दिवस होता. "दुखत नाही माय, फक्त हलायचं नाही," असं सांगून सांगून तिचा पोरगा रजत थकला होता. तेवढ्यात कोपऱ्यापलीकडून, जिथून शेक घेतलेले पेशंट बाहेर येतात तिथून, बायकांनी गळा काढल्याचा आवाज आला. "मारी बाई, मारी बाई!"

इंदूबाईनं पिशवी उचलली. "मेली वाटते ते तांड्यावरची बिजलीबाई. आत्ता माह्या बाजूले बसून फुटाने खात होती, मंग शेकाले आत गेली. चाल घरी!"

"माय, थांब न!"

"तूच जाय मंग आतमंदी, लय शहाना!"

अन् कोपऱ्यावरून बिजलीबाईच आली. बहिणीच्या गळ्यात हात, डोळे ओले, तोंड हसरं.

"तुमी जित्या?"

"मले काय धाड भरली? बहीण लय दिवसानं भेटली. आमच्या बंजाऱ्यात भेटलं का गळ्यात पडून 'मारी बाई', म्हंजे माही बहीण, म्हनत सुरात रडाच लागते, नाही तं बहीण रुसते." बिजलीबाई बाकावर टेकली. "जाय बिनधास्त. खोलीत एकटी राह्यशीन, पण मशीनवाले बाहेरून कॅमेऱ्यातून पाहून राह्यतात. चटका लागत नाही. पुढं थकवा येते, कातडी काळी पडते. शेकाची जागा दाखवाले अंगावर काढलेल्या शाईच्या रेघा तेवढ्या धुवू नको."

इंदूबाई गेली, अन् रजतचा चहा संपायच्या आत कोपऱ्यावर आली. "एवढंच?"

बिजलीबाईनं हात पसरले. इंदूबाई तिच्या गळ्यात पडली, अन् दोघींनी असा काही सूर धरला का पहिल्या शेकासाठी बाकावर नवीनच येऊन बसलेल्या एका मास्तरांनी गुपचूप चपला पायात घातल्या.