मोटर फिरेना

अस्लमने फ्यूज तपासला, पॉवर सप्लायचे व्होल्ट मोजले, मोटरचा पट्टा हाताने फिरवून पाहिला. सगळं ठीक होतं. तरी कुंदाताईंचं फ्लेक्स छापायचं मशीन वीजच घेईना. संध्याकाळी गावच्या खो-खोच्या पोरी कप जिंकून स्टँडवर उतरणार होत्या आणि स्वागताचा फलक अजून कोराच होता.

अस्लमने मशीनच्या पडद्यावर टिचकी मारली. "का रे बाबा, रुसलास?"

"नाही," आतल्या छोट्या बॅटरीवर मशीन हळूच बोललं. "आज संकष्टी. चंद्रोदयाआधी ताई जेवत नाहीत. मीही जेवणार नाही."

कुंदाताई मटकन खुर्चीत बसल्या. ही नवी मशीनं मालकाचं बघून शिकतात हे त्यांना ठाऊक होतं, पण हेसुद्धा?

"अरे, चंद्र उगवेपर्यंत पोरी घरी जाऊन झोपतील!"

"मग व्रत मोडू?"

'मोड' म्हणायला कुंदाताईंची जीभ रेटेना. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "अस्लम, गच्चीवरच्या सोलरची वायर इथे जोड." मग मशीनकडे वळल्या. "हे बघ राजा, तारेवरची वीज म्हणजे जेवण. उन्हाची वीज फराळाची. उपासाला चालते. मी नाही का साबुदाणा खात?"

वायर जोडताच मोटर गुरगुरली आणि फलकावर पहिल्या पोरीचा हसरा चेहरा उमटू लागला.

अस्लम मीटरकडे बघतच राहिला. "काकू, रोजच्यापेक्षा जास्त ओढतंय हे!"

"ओढू दे," कुंदाताई हसून म्हणाल्या. "उपासाच्या दिवशी तसंच होतं."