ग्रीसची पेटी

जेनारोने पान्याने शेवटचा बोल्ट सैल केला, तेव्हा बर्नडीनने नदीकडे पाहण्याचं सोंग सोडून दिलं.

ग्रीसच्या पेटीचं झाकण वीतभर होतं. त्याखाली बेअरिंग, त्यातून जाणारा दांडा आणि दांड्यावर पुरुषभर उंचीचं दातेरी चाक. हडसनचं पाणी भरती-ओहोटीला चढे-उतरे, तसा धक्क्याचा पूल या चाकाने वर-खाली केला जाई; मग आगगाडीतून उतरलेली माणसं सरळ फेरीबोटीत चालत जात. बोटी बंद होऊन सत्तावीस वर्षं झाली होती. रूळ गेले, पूल गेला, धक्क्याच्या जागी उद्यान झालं. चाक तेवढं रंगवून, कठड्याआड जपून ठेवलं होतं. आज अकरा वाजता ते त्यानंतर पहिल्यांदाच फिरणार होतं.

नोव्हेंबरात हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. वडिलांना जाऊन नऊ दिवस झाले होते. एका सकाळी बर्नडीन कठडा ओलांडून आत आली होती, त्यांच्याच पान्याने तिने हे झाकण उघडलं होतं, आणि त्यांची मूठभर राख चमच्याने ग्रीसमध्ये दाबून बसवली होती. तीस वर्षं त्यांनी हे चाक सांभाळलं. त्यांना इथे बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. राख चमच्याखाली करकरली होती. चाक फिरणार असल्याचं पत्र आलं त्या दिवसापासून, म्हणजे तीन आठवडे, तो आवाज तिच्या कानातून जात नव्हता.

"पुढे ये की," जेनारो म्हणाला. साठी उलटली तरी त्याचे हात अजून कामगाराचेच होते. "बोलेकची मुलगी अन् ग्रीसला भितेस?"

"इथून दिसतंय मला, जेनारोकाका."

"आठ वर्षं काढली मी तुझ्या बापाच्या हाताखाली. पहिली दोन तर नुसतं पुसायला लावलं. चाकाचा जरा आवाज आला की विचारायचा, कोण झोपलंय रे इथे?"

उद्यानाच्या अधिकारी मिस ट्रस्क पिवळी चिठ्ठी लावलेलं पिंप ढकलत आल्या. "जुनं ग्रीस सगळं यात टाका. दुपारी गाडी येऊन नेईल."

"कुठे?" बर्नडीनने विचारलं.

"भट्टीत. घातक कचरा आहे ना तो." आणि त्या खुर्च्या मांडायला निघून गेल्या.

जेनारोने झाकण उचललं. बोटावर ग्रीस घेतलं आणि अंगठ्याने चोळलं. जुने लोक असंच पाहतात. या कामात डोळ्यांवर त्यांचा विश्वास नसतो. त्याची बोटं थांबली. त्याने पुन्हा चोळलं, या वेळी हळू.

"कचकच लागतेय," तो म्हणाला. "बोलेकच्या बेअरिंगमध्ये वाळू घातलीय कुणीतरी." त्याने चिंधी उचलली, ओंजळभर ग्रीस काढलं आणि पिंपाकडे वळला.

"थांबा. वाळू नाहीये ती."

"मग काय आहे?"

"मी घातलंय, काका. नोव्हेंबरात. बाबा आहेत."

जेनारो आपल्या हाताकडे पाहत राहिला. त्याने तो पुसला नाही.

"सगळा?"

"मूठभर. बाकीचे आईजवळ आहेत."

"त्याने सांगितलं होतं असं?"

"नाही."

"वाटलंच."

"राहू द्या ना तसंच. अर्धाच फेरा द्यायचाय. अर्ध्या फेऱ्याने काय बिघडतंय?"

जेनारोने ग्रीस परत पेटीत ठेवलं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"बर्नी, तुझ्या लग्नाला तो किती उशिरा आला होता?"

"तास झाला होता. पाद्रीबुवा जायला निघाले होते."

"त्या सकाळी याच ग्रीसमध्ये वाळूचा एक कण लागला होता त्याच्या बोटाला. मी म्हटलं, जा तू, मी धुतो. गेला नाही. कोटाच्या बाह्या दुमडून बसला इथे. तू रागावली असशील."

"वर्षभर बोलले नव्हते मी."

"मग सांग. स्वतःला तरी राहू देईल तो यात?"

जेनारोने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, त्यातली बायकोने केलेली बदामाची बिस्किटं वर्तमानपत्रावर ओतली आणि डबा तिच्या हातात दिला.

दोघं खाली बसले. वरचं ग्रीस त्याने डब्यात काढलं. कोपऱ्यांत त्याची जाड बोटं शिरेनात, तिथे तिने करंगळी घातली. मग रॉकेलने धुतलं, दोनदा. चिंध्याही डब्यातच गेल्या. जेनारोने कोरडं बोट बेअरिंगवरून फिरवलं, मग तिला फिरवायला लावलं. गुळगुळीत होतं. नवं ग्रीस भरून झाकण बसलं, तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती.

मिस ट्रस्कनी पिंपात डोकावून पाहिलं. "हे तर रिकामंच आहे."

"त्या प्रतीचं ग्रीस आता मिळत नाही, बाई. बर्नी घरी नेतेय."

"अहो, पण नियम आहे."

"असू द्या. बिस्किट घ्या."

लोक येऊन बसले. जेनारोने चाक फिरवायच्या दांडीला हात घातला. बर्नडीन डबा पोटाशी धरून खुर्च्यांच्या मागे उभी होती. तिने मान खाली घातली. तिला पाहायचं नव्हतं, फक्त ऐकायचं होतं.

शेवटच्या रांगेतला, डोळ्यांनी अधू असलेला एक म्हातारा बायकोकडे वळला. "अजून सुरू नाही का केलं?"

"फिरतंय की," ती म्हणाली. "केव्हाचं."